दोनशे वॅटच्या डब्यात काय बसतं आणि काय बसत नाही

ताई, उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोव्यात साखळी गावात तुमचा छोटा स्टुडिओ आहे. जत्रांमधली मराठी नाटकं, भजनी सप्ताह, मुंजी आणि लग्नं तुम्ही शूट करता. एडिटिंगसाठी एका ऑफिसातून निघालेला स्मॉल फॉर्म फॅक्टर डेस्कटॉप सेकंडहँड घेतलाय : आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, २५६ जीबीची साटा एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि २०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तीन कॅमेऱ्यांवर फुल एचडीत घेतलेलं अडीच तासांचं नाटक एक्स्पोर्टला, म्हणजे अंतिम फाइल बनवायला, लावलं की अर्ध्या तासात पंखा गरगरायला लागतो आणि काम मंदावतं. एप्रिलमध्ये दोनदा तर मशीन पूर्ण बंद पडलं. एका दुकानदाराने सुचवलं की ४५० वॅटचा एसएमपीएस घाला, जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड घाला आणि जमलं तर आय७ बसवा. हे करावं का, असं तुम्ही विचारता.

या क्रमाने तर मुळीच करू नका. फोंड्यात बावीस वर्षं मी ही मशीनं उघडतो आहे. सांगायचं ते एवढंच, की असल्या छोट्या डब्याला वॅटची मर्यादा घालून दिलेली असते आणि आत गेलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊनच बाहेर पडतो. त्यामुळे ज्या सुधारणेला जवळजवळ वॅट लागत नाहीत, ती आधी करायची. तुमच्या मशीनमध्ये अशा चार-पाच गोष्टी बाकी आहेत, आणि त्या झाल्यावर कार्डाची गरज वाटलीच तर ते ४०-५० वॅटचं घ्यायचं, त्या १६५० सारखं ७५ चं नव्हे.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी काढू. मशीन हळू होणं आणि मशीन बंद पडणं हे दोन वेगळे आजार आहेत. तुमच्या आय५-८५०० प्रोसेसरचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की तो आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे काम रेंगाळतं, पण मशीन चालू राहतं. नुसती धूळ साचलेली असताना असंच होतं. तडकाफडकी बंद पडायचं असेल तर कारण त्यापुढचं असतं : हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, नीट टेकलेला नाही, पंखा थांबतोय, एसएमपीएस थकलाय किंवा बाहेरून येणारी वीजच डगमगतेय. ज्या दोन वेळा मशीन बंद पडलं, तेव्हा घरात दुसरं काय चालू होत होतं ते आठवून बघा. विहिरीवरचा पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात ना? तेवढा झटका एखाद्या जुन्या एसएमपीएसला पुरतो. मशीन यूपीएसवर नसेल तर संशयाची सुई मी आधी तिकडेच वळवेन. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल, पण तिच्यावरून काही ठरवू नका. मशीन व्यवस्थित शटडाउन न होता बंद पडलं, याहून जास्त ती काही सांगत नाही.

आता मोजमाप. पैसा खर्च करण्याआधी एक दिवस यासाठी द्या. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम टाका, नेहमीचा खराखुरा एक्स्पोर्ट लावा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तीन आकडे लिहून घ्या : प्रोसेसरचं तापमान, ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ नावाचा वॅटचा आकडा आणि घड्याळ, म्हणजे किती गिगाहर्ट्झवर चाललंय ते. चौथा आकडा खोलीच्या तापमानाचा, भिंतीवर टांगायचा साधा तापमापक पुरे. तापमान ९५ च्या वर आणि घड्याळ ३ गिगाहर्ट्झच्या खाली घसरलेलं दिसलं, तर उष्णता बाहेर निघत नाहीये. तापमान ७५ च्या आसपास आणि पॅकेज पॉवर ६५ वॅटवर अडकलेली दिसली, तर मशीन निरोगी आहे, फक्त कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेत चाललंय. ८५०० चा मूळ वेग ३.० गिगाहर्ट्झ आणि जास्तीत जास्त ४.१. पहिली काही सेकंदं तो ६५ वॅटपेक्षा बराच वर जातो आणि मग बोर्ड त्याला खाली खेचतो. त्यामुळे पहिल्या मिनिटातला आकडा बघून कोणताही निष्कर्ष काढू नका.

खोलीचं तापमान का लिहायचं ते सांगतो. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ५ अंशांनी तापली की आतलं तापमानही साधारण तेवढंच चढतं. ज्या मशीनला डिसेंबरात २६ अंशांच्या खोलीत ८४ पर्यंत जाताना पाहिलं, ते मेच्या दुपारी पत्र्याखालच्या ३५ अंशांच्या खोलीत ९३ ला टेकलेलं असतं. वर त्यात धुळीची भर पडली, की शंभरी गाठायला वेळ लागत नाही. तुमचं मशीन एप्रिलमध्येच का बंद पडलं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता उघडूया. वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. झाकण काढलंत की बहुतेक छोट्या ऑफिस मशीनमध्ये समोरच्या जाळीपासून हीटसिंकपर्यंत काळ्या प्लास्टिकचा बोगदा दिसतो. पंखा समोरून हवा ओढतो, ती या बोगद्यातून हीटसिंकच्या पात्यांमधून जाते आणि मागे निघते. काढलेलं प्लास्टिक परत न बसवता दिलेली मशीनं मी खूप पाहिली आहेत. तसं करू नका. आणि ‘गरम होतंय म्हणून झाकण उघडं ठेवलंय’ हेही करू नका. झाकण काढलं की हवा जवळच्या वाटेने निसटते, पात्यांमधून जायचं टाळते, आणि रॅम, एसएसडी, बोर्डावरचे पॉवरचे भाग यांच्यावरून वाराच जात नाही.

पंखा हीटसिंकपासून वेगळा करा. चार स्क्रू किंवा दोन क्लिपा असतील. मग हीटसिंकची समोरची कड उजेडात धरून बघा. नुसती धूळ असेल असं समजू नका. डिचोली-साखळीकडची लाल माती, पावसाळ्यातली ओल, देवापुढच्या उदबत्तीची काजळी आणि स्वयंपाकघरातलं तेलकट वातावरण या सगळ्यांचा मिळून एक नमदा तयार होतो. नखाने कोपरा उचकटला तर तो घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघून येतो. मागच्या मे महिन्यात एका मशीनमधून असा हाताच्या दोन बोटांएवढा तुकडा मी काढला. त्याच्या मागची पाती अगदी लखलखीत होती, कारण तिथपर्यंत हवा पोचतच नव्हती. तो एक तुकडा काढून प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली नवी थर्मल पेस्ट लावल्यावर त्याच एक्स्पोर्टला ९८ वरचं तापमान ७७ वर आलं.

ब्लोअर मारायचा तर मशीन अंगणात घेऊन जा, आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खिळखिळं होतं. एसएमपीएसवर बाहेरूनच जाळीतून फुंका. तो उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही जीवघेणा भार राहू शकतो. मग हीटसिंक काढून जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि स्क्रू कर्णाच्या समोरासमोर, थोडे-थोडे करून आवळा. एकाच बाजूने आवळला तर हीटसिंक तिरका बसतो आणि एका कोपऱ्यात पेस्ट जाड राहते. रॅमचे पिवळे टोकही त्याच अल्कोहोलने पुसून घ्या. किनाऱ्याजवळच्या घरांतून येणाऱ्या मशीनमध्ये खारट दमट हवेने तिथे काळसर डाग पडतात आणि मशीन कधी सुरू होतं, कधी होत नाही. साखळीत तो त्रास कमी, पण हात लागलाच आहे तर करून टाका.

मशीन कुठे ठेवलंय हेही बघा. टेबलाखालच्या बंद कप्प्यात, चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकून ठेवलं असेल तर ते आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतं. मागे वीतभर जागा सोडा, आणि जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. एवढ्यानेही दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात काम नसलं तरी दिवसाआड तासभर मशीन चालू ठेवा, आत ओल धरत नाही आणि मुंग्यांना घर करायला निवांत कोपरा मिळत नाही.

उन्हाळ्यासाठी बिनखर्चाचा एक उपाय आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याचा हा फरक दिसतो तेवढा छोटा नाही. त्याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर मारलेली उसळी, बंद होतो आणि प्रोसेसर ३.० गिगाहर्ट्झवर ठाम चालतो. खपणारे वॅट बरेच उतरतात. तापून तापून २.२ वर घसरणारं आणि परत चढणारं मशीन, आणि अडीच तास ३.० वर शांत चालणारं मशीन, यांत दुसरं आधी संपवतं. रात्री एक्स्पोर्ट लावून झोपायचं असेल तर मी दर वेळी हेच करायला सांगतो.

यानंतर रॅम. एका स्टिकवर मशीन चालवणं म्हणजे दोन पदरी रस्त्याचा एकच पदर वापरणं. तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे प्रोसेसरमधलं यूएचडी ६३० ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. त्यामुळे दुसरी स्टिक घातल्याचा फायदा त्यालाही थेट मिळतो. तुमच्या कामाला ८ ची जोडी करून १६ जीबी चालेल. तीन कॅमेरे एकदम टाइमलाइनवर असतात म्हणून जमलं तर १६ च्या दोन स्टिका, म्हणजे ३२ घ्या. डीडीआर४, २६६६ मेगाहर्ट्झ, डेस्कटॉपची लांब स्टिक. याहून लहान, हातावर मावेल अशा मिनी मशीनला लॅपटॉपची आखूड स्टिक लागते, ती तुम्हाला नको. जास्त वेगाची रॅम घेतलीत तरी ८५०० तिला २६६६ वरच चालवणार. आणि एक स्टिक दोन-तीन वॅट खाते, म्हणजे विजेच्या हिशेबात काहीच नाही.

डिस्कचं गणित मी जरा खोलात सांगतो, कारण तुमचं काम इथेच अडतंय असा माझा अंदाज आहे. समजा तुमचा प्रत्येक कॅमेरा १०० मेगाबिटवर रेकॉर्ड करतो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तीन कॅमेऱ्यांचे साडेसदतीस. हार्ड डिस्क सरळ वाचताना सेकंदाला शंभरावर मेगाबाइट देते, मग अडचण काय? अडचण अशी की तिन्ही फायली डिस्कवर तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. वाचणारं डोकं इथून तिथे आणि तिथून इथे उड्या मारत राहतं, आणि त्या उड्यांमध्येच वेळ जातो. मल्टिकॅम लावून प्ले केल्यावर चित्र अडखळतं ते यामुळे, प्रोसेसर त्या वेळी डिस्कची वाट बघत असतो. एसएसडीला डोकं नाही, उड्या नाहीत. तुमच्या बोर्डवर एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट खोचायची, जागा असेल, या पिढीच्या बहुतेक ऑफिस मशीनमध्ये असते. तिथे १ टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे साटापेक्षा वेगवान एसएसडी, घाला आणि चालू नाटक तिच्यावर ठेवा. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत जाते, पीसीआय एक्सप्रेस ३.० वरची एनव्हीएमई ३५०० पर्यंत. दुकानदार ४.० किंवा ५.० ची ड्राइव्ह दाखवेल, ती घेऊ नका. तुमचा बोर्ड ३.० चाच आहे, वेग तेवढाच मिळेल. एम.२ ची जागा बहुधा हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याखाली असते, तिथे वारा पोचत नाही. म्हणून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी आणि थर्मल पॅड लावून घ्या. जुनी हार्ड डिस्क फक्त संग्रहासाठी ठेवा, किंवा काढून बाहेरच्या डब्यात घाला. साडेतीन इंची डिस्क चालताना ६ ते ८ वॅट आणि सुरू होताना २० च्या वर खेचते, आणि समोरून येणारा वारा अडवते तो वेगळाच.

एक्स्पोर्टसाठी तुमच्या एडिटिंग प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग किंवा क्विक सिंक असा पर्याय शोधा. यूएचडी ६३० मध्ये एच.२६४ आणि एचईव्हीसी या प्रकारच्या व्हिडिओ फायली उलगडण्यासाठी आणि बनवण्यासाठी वेगळं सर्किट आहे. ते सुरू केलं की सहा कोरांनी ६५ वॅट जाळून करायचं काम त्याच्या एका अंशात होतं, आणि वेळही वाचतो. फुल एचडी नाटकाच्या पेन ड्राइव्हसाठी त्याचा दर्जा पुरेसा आहे. बिटरेट थोडा वाढवून द्या म्हणजे झालं. अनेक जण हा पर्याय न बघताच कार्ड घ्यायला निघतात. एक अट मात्र आहे. नवा कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात, रेकॉर्ड करत असेल तर हे सर्किट ती फाइल उलगडू शकत नाही. मी खाली सांगतोय ती छोटी कार्डंही नाही. तेव्हा आधी प्रॉक्सी बनवायच्या, म्हणजे त्याच फायलींच्या हलक्या प्रती, त्यांच्यावर काम करायचं आणि एक्स्पोर्टला मूळ फायली लावायच्या.

आता एसएमपीएस. ‘४५० वॅटचा घाला’ हे ऐकायला सोपं आहे. पण डेल, एचपी, लेनोवो यांच्या ऑफिस मशीनचे एसएमपीएस बाजारातल्या एटीएक्ससारखे नसतात. आकार वेगळा, मुख्य जोडणी २४ पिनांची नसून मॉडेलप्रमाणे ६, ८, १० किंवा १४ पिनांची. यातले बहुतेक फक्त १२ व्होल्ट देतात. ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो, आणि डिस्कांची वीजही बोर्डावरून जाते. ४५० चा बसवायचा म्हणजे बदलवायर लावायची आणि एसएमपीएस डब्याबाहेर टांगायचा. अशी एक वायर दुसरीकडून करून आलेल्या मशीनमध्ये मी पाहिली आहे. स्वस्तातली बारीक वायर, कनेक्टरच्या दोन पिना तपकिरी होऊन प्लास्टिकला चिकटलेल्या. आग लागली नाही एवढंच. कामाच्या मशीनवर मी हे करत नाही, आणि तुम्हालाही करू देणार नाही. शिवाय एसएमपीएस मोठा केल्याने डब्यातली उष्णता बाहेर काढायची ताकद तिळभरही वाढत नाही.

मग आहे त्या २०० मध्ये किती जागा आहे ते बघू. एसएमपीएसवरच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर अँपिअर लिहिलेले असतात. २०० वॅट म्हणजे साधारण साडेसोळा अँपिअर. जुना एसएमपीएस आणि आपला उन्हाळा धरून मी ८० टक्क्यांच्या वर सतत चालवायचा नाही असं मानतो, म्हणजे १६० वॅट. प्रोसेसर ६५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीला लावलेल्या वस्तू मिळून ३० धरा, हार्ड डिस्क आत असेल तर आणखी ८. झाले १०३. उरले ५७. टर्बोमुळे प्रोसेसर क्षणभर ९०-१०० वर उसळतो, त्याला जागा ठेवायचीच. म्हणून कार्डाला ५० च्या पुढे मी जात नाही. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळाला तर पडताळून बघा, पण लक्षात ठेवा, तो भिंतीतून येणारी वीज दाखवतो. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर मीटरवरचे १५० म्हणजे आत पोचलेले साधारण १२८.

यात आणखी एक अडथळा आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण छोट्या ऑफिस मशीनच्या मॅन्युअलमध्ये कंपनीने त्याहून कमी मर्यादा दिलेली असू शकते, ३५ किंवा ५० वॅट. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि ती ओळ शोधा. तिथे ३५ असेल तर ५० चं कार्डही नको.

मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून एवढं सांगतोय. काही वर्षांपूर्वी १८० वॅटच्या मशीनमध्ये ७५ वॅटचं लो प्रोफाइल कार्ड मी बसवून दिलं. दुकानात तासभर चालवून बघितलं, उत्तम चाललं. डिसेंबर होता, दुकानात एसी होता आणि झाकण मी उघडंच ठेवलं होतं. मेमध्ये त्या माणसाचं मशीन जत्रेच्या नाटकाचा एक्स्पोर्ट चालू असताना बंद पडलं, पुन्हा सुरू झालं नाही. एसएमपीएस गेला होता. त्याच्या यजमान मंडळाला दिलेला शब्द मोडला, आणि तो माझ्यामुळे मोडला. मी नवा एसएमपीएस स्वतःच्या पैशांनी घातला आणि कार्ड परत घेतलं. तेव्हापासून कुठलंही कार्ड बसवलं की झाकण लावून, एसी बंद करून, दोन तास खरा एक्स्पोर्ट चालवल्याशिवाय मी मशीन हातात देत नाही. तुम्ही कोणाकडूनही काम करून घ्या, पण एवढी अट जरूर घाला.

तर कार्ड कोणतं? रंगकाम, टायटल्सचे इफेक्ट, नॉइज कमी करणं असं काम बरंच असेल तरच घ्या, नुसतं कट-जोड असेल तर यूएचडी ६३० पुरे. घ्यायचंच तर एनव्हिडियाचं टी६००, ४० वॅट, ४ जीबी. किंवा स्लॉटची मर्यादा परवानगी देत असेल तर टी१०००, ५० वॅट, ते ८ जीबीतही मिळतं. दोन्ही एका स्लॉटच्या जाडीची आहेत आणि दोघांत व्हिडिओ बनवायचं सर्किट आहे. जीटी १०३० तीस वॅटचं आहे म्हणून कोणी सुचवेल, पण त्यात एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ बनवायचं ते सर्किट, नाही, आणि त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं आणखी हळू कार्डही विकलं जातं. आरएक्स ६४०० ५३ वॅटचं, पण त्यातही एन्कोडर नाही, आणि ते स्लॉटच्या चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं, म्हणजे तुमच्या ३.० च्या बोर्डावर त्याचा रस्ता अर्धा होतो. जीटीएक्स १६५० कार्ड म्हणून वाईट नाही, मोठ्या टॉवरमध्ये मीही बसवतो. पण ७५ वॅट आणि दोन स्लॉटची जाडी इथे जमत नाही.

विकत घेताना बुटकी पट्टी, म्हणजे लो प्रोफाइल ब्रॅकेट, डब्यात आहे ना ते उघडून बघा. सेकंडहँड कार्डासोबत बहुतेकदा उंच पट्टीच येते आणि मग झाकण लागत नाही. टी मालिकेला मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय असेल तर ॲडॉप्टरही घ्या. आणि कार्ड बसल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालू ठेवा, काही मशीन ते आपोआप बंद करतात आणि क्विक सिंक हातचं जातं.

आय७-८७०० याच सॉकेटमध्ये बसतो, त्यालाही ६५ वॅटच लिहिलेलं आहे, आणि सहा कोरांवर बारा धागे (थ्रेड), म्हणजे एका वेळी बारा कामं, मिळतात. पण बोर्ड त्यालाही ६५ वरच रोखणार, म्हणून लांबलचक एक्स्पोर्टमध्ये अपेक्षेएवढा फरक पडत नाही, आणि टर्बोची उसळी मात्र मोठी होते. स्वस्तात मिळाला आणि बाकी सगळं होऊन वर्ष झालं असेल तर बघा. शेवटी के लागलेला ८७००के ९५ वॅटचा, तो तुमच्या हीटसिंकला पेलणार नाही. एक समाधानाची गोष्ट : ८५०० विंडोज ११ च्या यादीत आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे याच्या आधीच्या सातव्या पिढीच्या मशीनवर मी लोकांना आता पैसे घालू देत नाही. तुमच्यावर घालायला हरकत नाही.

विजेबद्दल शेवटचं. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, व्होल्टेज वर-खाली झालं तर तो सांभाळतो. ६०० व्हीएचे यूपीएस बहुतेक ३६० वॅटपर्यंत देतात, तुम्हाला पुरे. काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर चालत नाही आणि लाइट गेली की मशीन यूपीएस असूनही बंद होतं. म्हणून सगळं सेव्ह करून एकदा यूपीएसचा प्लग मुद्दाम ओढून बघा. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगही तपासून घ्या. आपली जांभ्याची जमीन मार्च-एप्रिलपासून कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतत जा. जूनच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की पॉवरच्या वायरीबरोबर इंटरनेटची वायरही काढा. विजेने गेलेले कितीतरी बोर्ड मी पाहिले आहेत ज्यांची पॉवरची वायर काढलेली होती, पण लॅनची वायर तशीच लागलेली होती.

तेव्हा या आठवड्यात फक्त एवढं करा : आधी ते चार आकडे लिहा, मग सफाई आणि पेस्ट, मग तोच अडीच तासांचा एक्स्पोर्ट पुन्हा, झाकण लावून, दुपारच्या वेळी. आधीचे आणि नंतरचे असे आठही आकडे, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आणि मॅन्युअलमधली स्लॉटची ओळ मला पाठवा. कार्डाचं मी त्यानंतर सांगतो, तोवर दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नका.